बाजारपेठेतला रस्ता रुंद होणार, झोन बदलणार: रहिवाशांचं म्हणणं कसं गोळा करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शहर मध्यम आकाराचं, महापालिका आहे. जुन्या बाजारपेठेतला मुख्य रस्ता 12 मीटरवरून 18 मीटर करायचा आणि दोन्ही बाजूंचा निवासी पट्टा व्यापारी करायचा, असा विकास आराखड्यातला (कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या नकाशातला) फेरबदल येऊ घातला आहे. विषय महासभेपुढे (सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे) जायला दोनेक महिने आहेत. नागरिक मंचाला लोकांची मतं गोळा करायची आहेत. गूगल फॉर्म करावा की सभा घ्यावी, आणि किती लोकांनी सांगितलं म्हणजे महापालिकेला ऐकावंच लागेल?

फॉर्म की सभा हे नंतर ठरवू. आधी नगररचना विभागात जाऊन हा विषय कोणत्या कलमाखाली येतोय ते विचारा, कारण त्यावर तुमच्या हातात किती वेळ आहे ते ठरतं. संपूर्ण आराखडाच नव्याने होत असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधलं कलम 26 लागतं; प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकती-सूचना येतात आणि कलम 28 खालची नियोजन समिती सुनावणी घेते. मंजूर आराखड्यातला एखादा तुकडा बदलायचा असेल तर कलम 37. तुमच्या वर्णनावरून हे 37 चं प्रकरण दिसतं. यात महासभेचा ठराव झाला की राजपत्रात सूचना येते, हरकतींना एक महिना मिळतो, बाधितांना स्वतंत्र नोटीस द्यावी लागते, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं आणि मग प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. तिसरी वाट आहे महापालिका अधिनियमाच्या कलम 210 ची. तिथे फक्त रस्त्याची रेषा आखली जाते, झोनला हात लागत नाही. पुण्यात अरुंद रस्ते नऊ मीटर करायचा घाट याच कलमाखाली घातला होता आणि त्यावरून बराच गदारोळ झाला.

म्हणजे खरं तुमच्या हातात आहेत हे आत्ताचे दोन महिने. तो कायदेशीर एक महिना हरकती दाखल करण्यातच जातो. त्या वेळी माहिती गोळा करायला बसलात तर काहीच हाती लागणार नाही. महासभेऐवजी शासनाने नेमलेला प्रशासक असेल तर ठराव एका दिवसात होतो, तेव्हा तो दोन महिन्यांचा अंदाजही पक्का धरू नका. आजच तीन गोष्टी मागा: भाग नकाशा (आराखड्यातला तेवढ्याच भागाचा नकाशा), फेरबदलाचा शब्दशः मसुदा आणि बाधित मिळकतींची सिटी सर्व्हे नंबरनिहाय (सरकारी भूमापनातल्या मिळकतीच्या क्रमांकानुसार) यादी. तोंडी मागून मिळालं तर उत्तमच. तरी माहिती अधिकारात अर्जही टाकून ठेवा, कारण त्याला तीस दिवस जातात.

आता मतं. माझा आग्रह एकच आहे, आणि बाकी सगळं त्यातूनच निघतं: लोकांना ‘रस्तारुंदी हवी की नको’ हे विचारू नका, त्यांचा त्या रस्त्यावरचा दिवस विचारा. हवं-नकोचं उत्तर तुम्हाला आत्ताच माहीत आहे. ज्याची गाडी अडकते तो हो म्हणेल, ज्याच्या गाळ्याचा दर्शनी भाग जाणार तो नाही म्हणेल. टक्केवारी काढून ती नगररचनाकाराच्या टेबलावर ठेवलीत तर त्याला तिचं काही करता येत नाही, कारण त्याच्या नकाशावर टक्केवारीला जागा नसते. ‘सव्वाअकरा ते साडेबारा या वेळात शाळेच्या कोपऱ्यावर मालाचे टेम्पो दुहेरी उभे असतात’ या वाक्याचं मात्र त्याला काहीतरी करता येतं.

दिवस विचारायचा म्हणजे काय? माल किती वाजता येतो, कशातून येतो, उतरवायला किती वेळ लागतो. रात्री दुकान बंद झाल्यावर दुचाक्या कुठे लागतात. वर कोण राहतं, किती वर्षांपासून, जिना कुठून आहे. रुग्णवाहिका कधी बोलवावी लागली होती का आणि ती कुठपर्यंत येऊ शकली. पावसात पाणी कोणत्या दुकानापुढे साचतं. खरेदीला आलेल्या बाईला स्वच्छतागृहासाठी कुठे जावं लागतं. म्हातारी माणसं संध्याकाळी कोणत्या ओट्यावर बसतात. हे प्रश्न साधे आहेत, पण त्यांची उत्तरं महापालिकेच्या कुठल्याही सर्वेक्षणात सापडत नाहीत. आणि गंमत अशी की हे विचारल्यावर रुंदीकरणाचे कट्टर समर्थक आणि कट्टर विरोधक बऱ्याचदा एकच माहिती देतात.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा पट्टा घ्या. सोन्या मारुती चौकापासून अलका चौकापर्यंत रस्ता एकच, पण तो वापरणारे वेगवेगळे. सराफांकडे येणारं गिऱ्हाईक तासभर बसतं, तर अप्पा बळवंत चौकाकडे वळणारा विद्यार्थी पाच मिनिटांत पुस्तक घेऊन निघतो. तुळशीबागेच्या बाजारात येणाऱ्या बायकांमध्ये उपनगरांतून आणि तालुक्यांतून आलेल्या पुष्कळ असतात. वरच्या मजल्यांवर जुनी कुटुंबं, शिकवण्या, वकिलांची कार्यालयं. शिवाय विसर्जन मिरवणूक याच रस्त्याने जाते, त्यामुळे मांडवाची जागा आणि रथाची उंची हेही इथे नियोजनाचे मुद्दे असतात, कोणाला आवडो न आवडो. या पट्ट्यात प्रभागातली एक सभा घेतलीत तर तुळशीबागेतली गिऱ्हाइकं तिथे येणारच नाहीत, कारण त्या बायका या प्रभागात राहत नाहीत. त्यांना गाठायचं तर पीएमपीचा (शहर बसचा) थांबा आणि मंडई मेट्रो स्थानकाचं दार इथेच उभं राहावं लागेल. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून तिथे येणाऱ्यांची वाटच बदलली आहे. जुन्या वाहतूक मोजणीवर विसंबून तिथलं काही ठरवू नये. तुमच्या शहरात मेट्रो नसेल, पण एसटी स्टँडचं दार असेलच.

कोण सुटतं यावर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

पहिला सुटतो भाडेकरू. जुन्या बाजारपेठेत गाळा चालवणारा आणि मिळकतीचा मालक ही बहुधा वेगळी माणसं असतात. पागडीचे (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात जागा घ्यायचे) व्यवहार, दोन-तीन पिढ्यांचा ताबा. रुंदीकरणात जागा गेली की मोबदला म्हणून एफएसआय (भूखंडावर किती बांधकाम करता येईल त्याचं प्रमाण) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो तो जमिनीच्या मालकाला. दर्शनी भाग जातो भाडेकरूचा. त्यामुळे एकाच वाड्यातून एक हरकत ‘लवकर करा’ म्हणून आणि दुसरी ‘करू नका’ म्हणून येते, आणि दोन्ही प्रामाणिक असतात. तुमच्या नोंदीत हा फरक दिसला पाहिजे: मालक, भाडेकरू-व्यापारी, भाडेकरू-रहिवासी असे वेगळे रकाने ठेवा.

दुसरा सुटतो नोटीस न मिळालेला. मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचं नाव असतं, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली असतात, वारस चार शहरांत. कायद्यानुसार बाधिताला नोटीस गेलेली असते, फक्त ती घेणारा हयात नसतो. म्हणून महापालिकेच्या यादीवर थांबू नका. दारोदार फिरून वहिवाटदारांची स्वतःची यादी करा. वीज मीटरवरची नावं आणि दुकानाच्या पाट्या यांचा ताळा घेतलात की बरंचसं उलगडतं.

मग पथारीवाले आणि हातगाडीवाले. त्यांना अतिक्रमण समजून सभेबाहेर ठेवायची आपली सवय आहे. पथविक्रेता कायदा 2014 चा आहे, त्यात नगर पथविक्रेता समितीची तरतूद आहे आणि समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत. रस्त्याचा आराखडा बदलणार असेल तर या समितीपुढे विषय गेला का, हा प्रश्न लेखी विचारा. उत्तर ‘नाही’ आलं तर तो तुमच्या हरकतीतला वजनदार मुद्दा आहे. हमाल आणि टेम्पोचालक यांच्याशी मात्र सभेत न बोलता कामाच्या ठिकाणी बोला, सकाळी माल उतरताना. रस्ता कुठे अडतो हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगत नाही.

उरतात दुकानातल्या नोकर मुली, वरच्या मजल्यावरच्या एकट्या आजी आणि रात्री आठनंतरच मोकळे होणारे छोटे दुकानदार. यांच्यासाठी एक मोठी सभा घेऊन उपयोग नाही. बोळाबोळाने वीस-पंचवीस जणांच्या बैठका घ्या. बायकांची बैठक दुपारी, दुकानदारांची दुकानं मिटल्यावर. जागा व्यापारी संघाचं सभागृह नको आणि नगरसेवकाचं संपर्क कार्यालय तर नकोच. शाळेचा वर्ग चालेल. गणपती, नवरात्र, दिवाळी यांच्या आसपास बैठका ठेवल्यात तर बाजारपेठेतलं कोणीही येणार नाही.

गूगल फॉर्म जरूर करा, पण त्यात पत्ता किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि ‘तुमचा या रस्त्याशी संबंध काय’ हे रकाने सक्तीचे ठेवा. नाहीतर तो सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आणि तुमच्याकडे रोज गाडीने त्या रस्त्यावरून फक्त पलीकडे जाणाऱ्यांची मतं जमा होतात. त्यांचंही मत मोजावं, वेगळ्या रकान्यात.

सगळ्यात उपयोगाची पद्धत मात्र फॉर्मही नाही आणि सभाही नाही: खडू. प्रस्तावित रुंदी 18 मीटर, म्हणजे रेषा दोन्ही बाजूंना सारखी धरली तर मध्यरेषेपासून नऊ मीटर. टेप घ्या, मध्यरेषा धरा आणि दर दहा-पंधरा मीटरवर भिंतीवर किंवा ओट्यावर खडूने खूण करा. सकाळी लवकर, रहदारी नसताना. नकाशावरची लाल रेघ कोणाला कळत नाही, दाराच्या चौकटीच्या आत आलेली पांढरी खूण लगेच कळते. त्या खुणेपाशी उभं राहून प्रत्येकाशी बोला आणि काय कापलं जातंय ते लिहून घ्या. नेहमी दिसणारी गोष्ट म्हणजे जिना. जुन्या इमारतींत जिना बहुधा दर्शनी बाजूला असतो. पुढचे तीन मीटर गेले की दुकान निम्मं उरतं, पण वरचे दोन मजले सरळ अगम्य होतात, आणि तिथली कुटुंबं कुठल्याही बाधितांच्या यादीत नसतात. काही ठिकाणी रस्ता मुळात 12 मीटर नसतोच, दहाच भरतो, आणि मग कापणी आणखी वाढते. ही मोजमापं फोटोसह ठेवा. सुनावणीत यांच्याइतकं काही चालत नाही.

आता झोनबदल. लोकांना हा भाग समजावून सांगितल्याशिवाय मत विचारणं अन्यायाचं आहे. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अनुज्ञेय वापर आणि एफएसआय यांचा मोठा हिस्सा रस्त्याच्या रुंदीशी जोडलेला आहे. पुरेशा रुंद रस्त्यावर निवासी पट्ट्यातही दुकानं, कार्यालयं चालतात. तेव्हा ‘व्यापारी झोन झाला तरच दुकान अधिकृत होईल’ हे तुमच्याकडे खरं आहे का, ते आधी तपासा; बऱ्याचदा नसतं. झोन बदलल्यावर नवीन काय येऊ शकतं याची यादी नगररचना विभागाकडून घ्या आणि लोकांपुढे वापर एकेक करून ठेवा: वर मंगल कार्यालय चालेल का, गोदाम, दवाखाना, बार, वसतिगृह? ‘व्यापारी झोन’ला हात वर करणारी माणसं ‘डोक्यावर मंगल कार्यालय’ म्हटल्यावर थांबतात. सभेत हमखास निघणारी एक भीती तिथल्या तिथे सोडवा: घरपट्टीचा दर मुख्यतः जागेच्या प्रत्यक्ष वापरावर ठरतो, नुसता झोन बदलल्याने घराला दुकानाचा कर लागत नाही.

रुंदीची आणखी एक बाजू सांगायला हवी. कागदावर रस्ता 18 मीटर झाला की जास्त एफएसआय मिळायला लागतो, पण रस्ता प्रत्यक्षात रुंद होतो तो इमारत पाडून नवी बांधली जाईल तेव्हा, एकेक करून. मधल्या काळात रस्ता दात पडलेल्या जबड्यासारखा दिसतो. नवी इमारत आत, जुना वाडा बाहेर, आणि आत सरकलेल्या मोकळ्या तुकड्यात गाड्या उभ्या. पुण्याच्या पेठांमध्ये फिरलात तर हे चित्र जागोजागी दिसेल. अशा तुकड्यांचा वाहतुकीला उपयोग शून्य. म्हणून ‘18 मीटर होईपर्यंत काय?’ हा प्रश्न विचारा आणि लोकांकडूनही त्याचं उत्तर घ्या.

इथे पर्याय पुढे येतात. पंधरा मीटर पुरतील का? फक्त तळमजला आत घेऊन वरचे मजले तसेच ठेवता येतील का, म्हणजे कमानींखालून पदपथ? मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे आणि पावसाळ्यात त्याची किंमत कळते. एकेरी वाहतूक, माल उतरवायच्या ठराविक वेळा, पार्किंगबंदी, यांना तर झोनबदल लागतच नाही. ते वाहतूक शाखेच्या अधिसूचनेने होतं. लोकांच्या मागण्यांची चाळणी करताना हे वेगळं काढा. वाहतुकीच्या मागण्या कलम 37 च्या हरकतीत भरल्यात की ‘विषयाबाहेर’ असा शेरा मारायला सोपं जातं.

शक्य असेल तर प्रत्यक्ष करून पाहा. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांना बंद ठेवते. कल्पना चांगली, पण एक दिवसाच्या उत्सवातून उत्सवाचंच मत मिळतं. रांगोळ्या, वादन, गर्दी असलेल्या दिवशी मालाच्या टेम्पोचं काय हे कळत नाही. किमान दोन आठवडे, मधल्या वारांसह करा आणि आधी-नंतर मोजणी घ्या. दिल्लीतल्या चांदनी चौकाचं उदाहरण नेहमी दिलं जातं: लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा सुमारे 1.3 किलोमीटर रस्ता, सप्टेंबर 2021 मध्ये खुला झाला, सकाळी 9 ते रात्री 9 मोटार वाहनांना बंदी. रस्ता देखणा झाला यात शंका नाही. पण मालाची वाहतूक रात्रीवर ढकलली जाते तेव्हा वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या माणसाचं आणि रात्रपाळी करणाऱ्या हमालाचं काय, हे आपल्याकडे अशी वेळ ठरवण्याआधी विचारलं पाहिजे.

किती मतं पुरेशी? याला आकडा नाही. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या 2007-2027 आराखड्यावर 2013 मध्ये सुमारे 87,000 हरकती आल्या. तरी पुढे वेळेत काम संपलं नाही म्हणून 2015 मध्ये शासनाने आराखडा ताब्यात घेतला आणि जानेवारी 2017 मध्ये तो मंजूर झाला. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा मात्र एप्रिल 2015 मध्ये मागे घेऊन सुधारायला लावला गेला. तिथे हरकतींची संख्या मोठी होतीच, पण नकाशातल्या चुका ठिकाणासह दाखवता येत होत्या, आणि त्या नाकारणं कोणालाच शक्य नव्हतं. छापील, एकाच मजकुराची हजार पत्रं कार्यालयात एका गठ्ठ्यात बांधली जातात आणि त्यांना एकच उत्तर मिळतं. त्याऐवजी रस्त्याचे शंभर-शंभर मीटरचे टप्पे पाडा आणि प्रत्येक टप्प्यातून पाच-सात वेगळ्या, पुराव्यासह हरकती येऊ द्या.

प्रत्येक हरकतीत पाच गोष्टी हव्यात: सिटी सर्व्हे नंबर, मसुद्यातलं कोणतं वाक्य किंवा नकाशातली कोणती रेषा, त्याने काय होतं (मोजमाप, फोटो), त्याऐवजी काय हवं, आणि सुनावणी हवी असल्याची स्पष्ट ओळ. ती शेवटची ओळ बरेच जण विसरतात. संपूर्ण पट्टा व्यापारी करण्याने आराखड्याचं मूळ स्वरूपच बदलतं असं तुम्हाला दाखवता आलं तर तोही मुद्दा घाला, कारण कलम 37 त्याची परवानगी देत नाही. मंचाची एक एकत्रित हरकत असू द्या, पण प्रत्येक बाधिताने स्वतःची वेगळी द्यायला हवी. आवक विभागात दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांकासह पोहोच घ्या. ईमेल केला असला तरी.

सुनावणीला माणशी तीन-चार मिनिटं मिळतात. टप्प्यातल्या सगळ्यांनी एकत्र जा आणि मुद्दे वाटून घ्या: एकाने जिन्यांचं बोलायचं, एकाने मालाच्या वेळांचं, एकाने पर्यायाचं. भाषण ठोकणारा माणूस घरी ठेवा. पुढे अहवाल झाला की त्याची प्रत मागा आणि हरकत क्रमांकासमोर ‘मान्य’, ‘अंशतः मान्य’ की ‘अमान्य’ आणि कारण काय, असा तक्ता करून तो चौकातल्या मंडळाच्या फलकावर लावा. ज्यांनी दारात उभं राहून तुम्हाला तासभर दिला त्यांना आपल्या ओळीचं काय झालं ते तिथे वाचता आलं पाहिजे. शासनाकडे गेल्यावरही फेरबदल बदलांसह मंजूर होऊ शकतो, तेव्हा राजपत्रावर नजर ठेवायचं काम मंचातल्या एका माणसाला नावानिशी नेमून द्या.